आखूड पाना आणि नानांचे कान

एक चांगला, बारीक दातांचा, मुठीत मावणारा पाना मी भर दुकानात वाईट ठरवला, आणि तोही ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्या कानाला तोंड लावून. माझ्या वयाच्या बायका लहानपणीचे गुन्हे सांगायला बसल्या की कुणी चोरून खाल्लेली चिंच सांगते, कुणी मैत्रिणीची फोडलेली बांगडी सांगते, आणि मग सगळ्या पदर तोंडाला लावून हसतात. माझी पाळी आली की मी पानाला चुना लावायला लागते. लोखंडी पान्यापायी केलेला खोटेपणा त्या बैठकीत कुणाला कळायचा? शिवाय तो सांगायचा तर तेव्हाची मी, ती गोदी, सांगावी लागते. दोन वेण्या, नखात काळं तेल, आणि सगळ्या मुलखाची इंजनं आपल्याच बोटांवर चालतात अशा तोऱ्यात फिरणारी. ती आज समोर आली तर तिला पाठीत दोन धपाटे घालीन. मग भूक लागली असेल म्हणून ताटातही दोन वाढीन, कारण खायला मात्र कार्टी पहिल्या पंगतीला असायची.

आमचं घर साखरा गावचं. वावर सगळं कोरडवाहू. ज्वारी, तूर, थोडा कापूस आणि कडेनं काट्यांची करडई. ते सगळं वडील बघायचे, त्यांना आम्ही बापू म्हणत असू. नाना म्हणजे बापूंचे धाकटे भाऊ. ते तरुणपणी हिंगोलीला सरकी काढण्याच्या कारखान्यात इंजनावर होते. तिथं त्यांनी काम शिकून घेतलं आणि बदल्यात कान देऊन आले. दिवसभर त्या धडधडीत उभं राहून त्यांना हळू बोललेलं काहीच ऐकू येईनासं झालं होतं. काकू पहिल्याच बाळंतपणात गेली, नानांनी पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही, आणि आमच्या घरात राहून गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांची इंजनं दुरुस्त करू लागले. गोरेगाव त्यांचं, इकडं सेनगावकडची दोन-तीन गावं त्यांची, कधीमधी पार शिरड शहापूरपर्यंत बोलावणं यायचं. जाड किरमिजी कापडाची थैली होती त्यांची. तिच्यात पाने, छिन्नी, हातोडी, रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या. थैली घरात आली की माय नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "भाऊजी, तिला तिकडं गोठ्यात ठेवा. माझ्या पिठाला वास लागून राहिला."

हे वाक्यही ती ओरडून म्हणायची. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. नाना घरात नसले तरी सवय जात नव्हती. मायनं माझ्या कानात हळूच सांगितलेली गोष्ट शेजारच्या गल्लीत ऐकू जायची. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं फार दिवस टिकत नसे, आणि ज्या एका गुपिताबद्दल मी लिहिते आहे तेही शेवटी कसं बाहेर पडलं ते पुढं येईलच. सकाळी चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, गोठ्यात वासराची घंटा, आणि त्या सगळ्यावर मायचा खणखणीत गळा: "गोदे, भाऊजींना इचार, आंबाडीची भाजी चालंल का?" मी नानांजवळ जाऊन ओरडायची. त्यांना माझं बोलणं सगळ्यात चांगलं कळायचं. बाकीचे नुसतं जोरात बोलत, मी शब्द सुटे करून बोलायची. इतकंच कसब होतं माझ्याकडे, पण घरात त्याचा मान होता.

कानाच्या जोडीला माझा हातही नानांच्या कामाचा झाला तो गोरेगावला. तिथल्या गिरणीच्या मालकांनी, किसनशेटनी, जागा वाचवायची म्हणून इंजन भिंतीला इतकं चिकटवून बसवलं होतं की मोठ्या चाकाच्या मागं जेमतेम हात जाईल एवढी फट राहिली होती. आणि सारखा ढिला होणारा नट नेमका त्या फटीत. नानांचा पंजा भाकरीएवढा. तो आत जायचा नाही. मग त्यांनी मला पुढं घेतलं. माझा हात सापासारखा आत जायचा. साधा पाना नटाला अडकवायचा, थोडासा फिरवायचा, तेवढ्यात चाकाचा आरा आडवा यायचा. मग पाना काढायचा, पुन्हा अडकवायचा, पुन्हा थोडासा. बाहेरून नाना विचारायचे, "बसला का?" मी ओरडायची, "बसला!" मग ते इंजन सुरू करायचे, छपरावरच्या नळकांड्यातून टुक टुक धूर निघायचा, जातं फिरायला लागायचं, आणि किसनशेट माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे. बायका म्हणायच्या, "इंजनवाल्याची पोरगी लई हुशार." झालं. तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागेनात. छकड्यात नानांच्या शेजारी पुढं बसून जायचं, मायनं बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणाचा ठेचा ओढ्याकाठी सोडायचा, नवनवी गावं बघायची. माझ्या बरोबरीच्या मुली तेव्हा घरात बसून भाकरी वाटोळी करायला शिकत होत्या. माझ्या भाकरीचा आकार मायच्या मते "पळून जाणाऱ्या बैलासारखा" होता.

नानांना मात्र माझा हात त्या फटीत गेला की चैन पडत नसे. ते एका हातानं चाकावरचा पट्टा घट्ट धरून उभे राहायचे आणि गिरणीत कुणी पुढं सरकलं तर खेकसायचे. एकदा संध्याकाळी जेवताना ते मायला म्हणाले, "वैनी, मला ते बरं वाटत न्हाई. येखाद्यानं पट्ट्याला धक्का दिला आन् चाक हाललं, तर लेकराची बोटं जातील. हिंगोलीत उस्मानभाईकडं पलटणीच्या मोडीतले पाने आलेत म्हणं. त्यात करकऱ्या हाय. आखूड दांड्याचा भेटला तर घेऊन येतो. मग हिला हात घालायचं काम न्हाई."

करकऱ्या म्हणजे काय ते सांगते. साधा पाना प्रत्येक वेळी काढून पुन्हा अडकवावा लागतो. हा पाना नटावर एकदा बसवला की काढायचा नाही. पुढं ओढला की नट फिरतो, मागं नेला की नुसता करकर वाजतो आणि नट जागच्या जागी राहतो. त्याच्या डोक्यात दातांचं चाक असतं. दात जितके बारीक, तितकी त्याला फिरायला जागा कमी लागते. गोरेगावच्या त्या फटीसाठी डोकं चपटं, दांडा आखूड आणि दात बारीक असा पाना हवा होता. मग नाना दांड्याचं टोक दोन बोटांत धरून, हात आत न घालता, चाकाच्या दोन आऱ्यांमध्ये तो हलवू शकले असते. हे सगळं तेव्हाही मला चांगलं कळत होतं. न कळून केलं असतं तर आज एवढं लिहायची वेळ आली नसती.

माय हे ऐकून इतकी खूश झाली की तिनं नानांच्या ताटात न मागता कढी वाढली. "आणा, आणा भाऊजी! लवकर आणा. पोरीला बघायला पाव्हणे यायचे दिवस आले. नखात इंजनाचं तेल घेऊन त्यांच्याम्होरं बसंल ही? पाना आला की हिचं फिरणं बंद. चुलीपाशी बसंल, चार गोष्टी शिकंल." नाना हसले आणि मान डोलावली. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं का, मला माहीत नाही. मला मात्र अक्षर न् अक्षर ऐकू आलं. हातातला घास तसाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढं छकडा निघून चालला होता आणि मी ओट्यावर परातीत पीठ मळत बसले होते.

दसरा जवळ आला होता. खांडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पूजेला मांडत. बापूंचा नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड आणि एका बाजूला नानांची थैली रिकामी करून मांडलेले सगळे पाने. नवं हत्यार आणायचं तर त्याच्या आधी, म्हणजे त्याची पहिली पूजा होऊन मग ते कामाला लागेल, असा नानांचा नेम. म्हणून आम्ही पहाटे छकडा जोडून हिंगोलीला निघालो. मला बरोबर घ्यायचं कारण एकच. नाना म्हणाले, "करकऱ्या आवाजावर पारखायचा असतो. येखादा दात झिजलेला असला तर मधेच आवाज तुटतो. आन् तसा पाना जोरात ओढला तर निसटून हात फोडतो. मला काय ऐकू येते? माझा कान तू."

माझा कान तू. हे ते अगदी सहज म्हणाले आणि बैलांना हाकारलं. मी मात्र सगळी वाट मनात एकच हिशेब करत होते: पाना चांगला निघू नये.

उस्मानभाईंचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या बाजूला होतं. दारात साखळ्या, बादल्यांच्या कड्या, बैलगाडीच्या धावा, आणि आत पलटणीच्या मोडीतून आलेलं लोखंड. त्यांची पांढरी दाढी मेंदीनं लाल झालेली, आणि नानांशी ओळख कारखान्यापासूनची. नानांना बघून त्यांनी चहा मागवला, मला बशीत ओतून दिला, आणि पोत्यावर दोन पाने ठेवले. एक लांब, जाड डोक्याचा, आरशासारखा चकचकीत. दुसरा आखूड, काळपट, पुरती वीतही न भरणारा. कुणी बघितलं असतं तर लांब पान्याकडंच हात गेला असता. नानांचा हात सरळ आखूड पान्यावर गेला. त्यांनी तो फिरवला. रातकिडा बोलावा तसा बारीक, सलग, न तुटणारा आवाज आला. नानांनी डोळे मिटले होते. अंगठा पान्याच्या डोक्यावर ठेवून ते तो सावकाश मागं-पुढं नेत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललं होतं. "हाताला तर बराबर लागून राहिला," ते म्हणाले. "दात न् दात लागतो. ऐक गं गोदे. कसा हाय?"

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. इतका चांगला आवाज लोखंडातून निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मी नानांच्या कानाशी गेले आणि शब्द सुटे करून, मोठ्यानं सांगितलं, "मधेच गप होतो, नाना. एक दात सोडतो."

नानांचे डोळे उघडले. "सोडतो?"

"सोडतो."

उस्मानभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "क्या सोडतो? अरे बेटी, कान में रुई डाली क्या? फिरसे सुनो." त्यांनी पाना घेऊन माझ्या कानाजवळ फिरवला. करर्र, करर्र, करर्र. मी मान खाली घालून म्हटलं, "सोडतो."

"भाऊ, कसम से, ये एकदम सही माल है. मैं खुद फिराके देखा."

नानांनी एकदा पान्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग ते असं काही बोलले की मला तेव्हाही जमिनीत गडप व्हावंसं वाटायला हवं होतं. पण त्या गोदीला काय वाटलं म्हणता? तिला जीव वाचल्यासारखं वाटलं. नाना म्हणाले, "उस्मानभाई, लेकरू खोटं काहून बोलंल? त्याला काय नफा हाय? मी भैरा म्हणून तुमी मला झिजका माल द्यायला निघाले? इतक्या वर्षांची ओळख आन् हे?" भैऱ्या माणसाचं बोलणं मोठं असतं. शेजारच्या दुकानातली माणसं डोकावून बघायला लागली. उस्मानभाईंनी आखूड पाना उचलून मागच्या फळीवर ठेवला आणि पाठमोरेच उभे राहिले. लांब पान्याचा आवाज मी चांगला सांगितला, आणि त्यात खोटं काही नव्हतं, चांगलाच होता तो. टक, टक, टक, मोठाल्या दातांचा. फक्त आमच्या कामाचा नव्हता. नानांनाही तो मनापासून पसंत नव्हता, पण खांडेनवमी तोंडावर आली होती आणि रिकाम्या हातानं परत जायचं त्यांच्या जिवावर आलं. "बघू, जमवून घेऊ," असं पुटपुटत त्यांनी तो थैलीत टाकला. उस्मानभाईंनी दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला होता.

माझा नातू मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याच्याकडं असल्या पान्यांचा अख्खा डबा आहे, नटावर बसवायच्या गोट्यांसकट. अंगणात बसून तो करकर करायला लागला की मी उठून आत जाते. त्याला वाटतं, आजीला आवाजाचा त्रास होतो.

खांडेनवमीला घोंगडीवर सगळ्या पान्यांच्या मधोमध तो चकचकीत पाना बसला. नानांनी त्याला झेंडूचं फूल वाहिलं. हळदीकुंकू लावायला मला सांगितलं, कारण पारखून आणला होता मी. मी लावलं. बोट जरासुद्धा कापलं नाही. माय दारातून बघत होती आणि म्हणत होती, "झालं बाई एकदाचं. आता उद्यापासून चुलीपाशी." मी मनात म्हणत होते, बघू.

आणि बघायला फार दिवस लागले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर गोरेगावहून सांगावा आला की इंजन खडखडतंय, मालकांनी गिरणी बंद ठेवली आहे. मायनं मला सोडायचं नाही म्हणून हट्ट धरला, पण नाना म्हणाले, "येऊ द्या, वैनी. नव्या पान्याचं पयलं काम हाय. बघंल." आम्ही पोचलो तर गिरणीच्या दारात बायकांची ही गर्दी. कुणाच्या डब्यात चकलीची भाजणी, कुणाकडं बेसनाची डाळ, कुणी रात्रीपासून नंबर लावलेली. किसनशेट घामाघूम. नानांनी सगळ्यांच्या पुढ्यात थैली सोडली आणि तो चकचकीत पाना काढला. बायका "अगं बाई" म्हणाल्या. नाना चाकापाशी गुडघे टेकून बसले. पान्याचं डोकं फटीत जाईना. आडवा केला, उभा केला, कसाबसा शिरला. तर दांडा दोन आऱ्यांच्या मधे अडकला. एक दात पुढं पडायच्या आतच तो आऱ्याला आपटायचा. टक. मागं. टक. मागं. नट जागचा हलला नाही. नानांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

एक म्हातारी डब्यावर बसली होती. ती म्हणाली, "आवो नाना, लवकर करा, न्हाईतर आमची चकली शिमग्याला व्हईल." सगळ्या हसल्या. नानांना शब्द ऐकू आले नाहीत, हसणं दिसलं. मग किसनशेट, गिरणी बंद राहिल्यानं चिडलेला माणूस, त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडले, "एवढं काम करून तुमाला फटीचं माप कळंना का? हात गेला वाटतं तुमचा. भैऱ्या माणसानं हत्यार पारखायला जावं काहून?" हे मात्र नानांना स्वच्छ ऐकू आलं.

मी पुढं झाले. बाही वर केली, साधा पाना घेतला आणि हात आत घातला. अडकवला, फिरवला, काढला; अडकवला, फिरवला, काढला. मला ते इतकं सोपं वाटत होतं की मी मधेच गर्दीकडं बघून हसलेही. नट बसला. इंजन टुकटुकायला लागलं. बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले, किसनशेटनी ओंजळभर गूळ-शेंगदाणे दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही पोरगी हाय तवर आपली गिरणी हाय!" मला जे हवं होतं ते सगळं त्या घटकेला माझ्या ओंजळीत होतं. पलीकडं भिंतीशी नाना तो चकचकीत पाना चिंधीनं पुसत उभे होते. त्याला तेल लागलंच नव्हतं. पुसण्यासारखं काही नव्हतं त्याच्यावर.

परतीच्या वाटेवर नाना छकडा हाकत होते. मी शेंगदाणे खात होते. मग ते बोलले. माझ्याशी नाही, बैलांशी बोलावं तसं समोर बघत. "किसनशेट खोटं न्हाई बोलला. तो आखूड पाना मी हातात घेतला ना, तवा हातानं सांगितलं होतं मला, चांगला हाय म्हणून. छातीठोक सांगितलं होतं. आन् निघाला दात सोडणारा. म्हंजे कान गेले ते गेले, आता हातालाबी काही कळत न्हाई. उद्या येखाद्याच्या इंजनात काहीतरी आसंल आन् माझा हात म्हणंल, काय न्हाई. मग? कुणाचा जीव जाईल. दिवाळी झाली की बापूला सांगतो. थैली ठेवून देतो आन् वावरात जातो."

त्या गोदीनं सगळा विचार केला होता. छकड्याचा, गुळाचा, चुलीचा. नानांच्या हाताचा विचार तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी खूप हळू म्हटलं, "नाना, तो पाना चांगला होता."

बैल चालत होते. नानांना काहीच ऐकू आलं नाही. आणि तिथं मला माझ्या कर्माची खरी शिक्षा कळली. भैऱ्या माणसासमोर कबुली द्यायची तर ती ओरडून द्यावी लागते. खोटं ओरडताना मला काही वाटलं नव्हतं. खरं ओरडायला घसा उघडेना. त्यात समोरून गोरेगावच्या बाजाराला निघालेल्या तांड्यावरच्या बायका येत होत्या, डोक्यावर मोळ्या, हातभर बांगड्या. त्या पुढं जाऊ देत म्हणून मी थांबले असते, पण थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलंच नसतं, एवढं मला माझं माहीत होतं. मी नानांची बाही ओढली आणि ओरडले, "पाना चांगला होता!"

"काय?" नाना म्हणाले.

"आखूड पाना! चांगला होता! मी खोटं बोलले!"

"कोण बोललं?"

"मी! मी खोटं बोलले! दात सोडत न्हवता! तुमचा हात बराबर होता!"

तांड्यावरच्या बायका मोळ्यांसकट थांबल्या होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, "कायले वरडती वं पोरी? आमाले सांग, आमी सांगतो त्यायले." बाकीच्या खिदळल्या. मी रडत होते आणि ओरडत होते, कारण थांबता येत नव्हतं. "मला घरी बसवतील म्हणून! पाना आला की मला नेणार न्हाईत म्हणून!"

नानांनी कासरा ओढला. बैल उभे राहिले. बायका निघून गेल्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज लांब गेला. मी डोळे मिटून मार कधी बसतो याची वाट बघत होते. तो बसला असता तर फार बरं झालं असतं. डोळे उघडले तेव्हा नाना आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. पंजा उघडत होते, मिटत होते. अंगठा बोटांवरून फिरवत होते, त्या दिवशी पान्यावरून फिरवला होता तसा. त्यांचा चेहरा, काय सांगू, गेलेलं माणूस घरी परतावं तसा झाला होता. "म्हंजे बराबर होता," ते स्वतःशीच म्हणाले, आणि भैरे असल्यामुळं तेही मोठ्यानं. "हात बराबर होता माझा." ते हसले. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही इतके ते आनंदले होते. मग हसू हळूहळू मावळलं. "आन् उस्मानभाईला मी चार लोकात काय काय बोललो," ते म्हणाले, आणि बैल हाकले.

त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. मायला शेवटपर्यंत वाटत होतं की पाना घेताना नानांचीच नजर चुकली. तसं ती पुढं पाहुण्यारावळ्यांत सांगायचीही, आणि मी तिथं बसलेली असायची, आणि नानाही बसलेले असायचे. दिवाळीत मी न सांगता भाकरी केल्या, धुणं धुतलं, चकलीच्या सोऱ्यावर जोर काढला. मायला वाटलं पोरीला अक्कल आली. नानांनी माझ्या हातची चकली खाल्ली, चांगली झाली म्हणाले. थैली ठेवून द्यायचं मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि मी तेवढ्यावर देवापुढं दिवा लावला.

भाऊबीज उलटली तशी एका पहाटे अंगणात छकडा जोडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले. नानांनी धुतलेला पटका बांधला होता. थैलीतून चकचकीत पान्याचा दांडा बाहेर डोकावत होता, आणि शेजारी फडक्यात मायनं बांधलेला दिवाळीचा फराळ, उस्मानभाईंसाठी. म्हणजे ते पाना बदलायला आणि माफी मागायला निघाले होते. ज्या चुकीची माफी मागायला जायचं ती चूक छकड्याजवळ अनवाणी उभी होती. मला विचारायचं धाडस होत नव्हतं, पण छकडा हलला आणि मी पळत जाऊन त्याच्या साटीच्या फळीला धरलं, आणि ओरडले, "नाना, मला नेणार का न्हाई?"

नानांनी बैल थांबवले. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी फराळाचं फडकं उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बस की. न्यायला काय झालं? पण पाना कसा वाजतो ते मी आता उस्मानभाईलाच इचारीन."